ऑनलाइन पाठ प्रत्येक विद्यार्थ्याला साजेसा कसा करावा

‘हा मुलगा पाहून शिकणारा, ती मुलगी ऐकून शिकणारी’ अशी विभागणी आपण शिक्षक सहज करतो. नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘वार्क’ पद्धतीत पाहणे, ऐकणे, लिहिणे-वाचणे आणि प्रत्यक्ष करणे असे चार कल सांगितले आहेत. मुलांच्या आवडीनिवडी खऱ्या असतात. परंतु त्या कलानुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन काढला. म्हणून मुलावर शिक्का मारण्याऐवजी त्याला आधीचे काय येते आणि तो नेमका कोठे अडतो, येथून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

पाठ पाठवण्यापूर्वी चार-पाच प्रश्नांची छोटी चाचणी घ्यावी आणि त्यासोबतच घरात मोबाइल कोणाकडे असतो, तो कधी हाती येतो, हेही विचारावे. सांगली जिल्ह्यात हा प्रश्न गौण नाही. तासगाव भागात द्राक्षांच्या फळछाटणीच्या दिवसांत वडील अंधार पडल्यावर घरी येतात आणि मोबाइल तेव्हाच मुलांच्या हाती पडतो. अशा मुलाला चाळीस मिनिटांची चित्रफीत पाठवणे म्हणजे न पाठवण्यासारखेच आहे. तिचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यात एकच मुद्दा ठेवावा आणि त्याच मजकुराचे एक पान छापून द्यावे. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर मिळणारे साहित्यही असेच निवडून, नेमका भाग सांगून द्यावे.

माध्यम विषयाने ठरवावे. कविता ऐकवावी, आलेख काढून दाखवावा, प्रयोग घरच्या वस्तूंनी करून घ्यावा. आणि हे सर्वांसाठी करावे.

खरे काम यानंतरचे आहे. दहावीच्या एका विद्यार्थिनीने रेषीय समीकरणांची चित्रफीत तीनदा पाहिली, तरी उत्तर चुकत होते. तिच्या वहीचा फोटो मागवला. २क्ष + य = ११ यातून क्ष − य = १ वजा करताना तिने य आणि −य एकमेकांत घालवले होते आणि क्ष = १० असे लिहिले होते. वजाबाकीत −य चे चिन्ह बदलते आणि २य उरतात, एवढेच तिला कळायला हवे होते. तिला चौथी चित्रफीत पाठवली नाही. फक्त चिन्हे बदलण्याची आठ उदाहरणे हाताने लिहून पाठवली आणि मग तीच समीकरणे बेरजेने सोडवायला सांगितली. क्ष = ४, य = ३ हे उत्तर तिने स्वतः ताळा करून कळवले. म्हणूनच उत्तराबरोबर वहीचे पान मागवण्याचा नियम मी कधी सोडत नाही, कारण पर्यायांवर खूण करून घेतलेल्या चाचणीत ही चूक दिसलीच नसती.

ज्यांना पाठ लगेच समजतो त्यांना तोच सराव पुन्हा देऊ नये. हळदीच्या सौद्यातील क्विंटल आणि दर घेऊन स्वतः शाब्दिक उदाहरण रचायला सांगावे. दोन-तीन दिवसांनी मात्र सर्वांकडून, पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून घ्यावे आणि त्यात जे सुटलेले दिसेल त्यावरून पुढच्या आठवड्याचा पाठ बेतावा.