टबात बसून त्वचा वाळवू नका! निवांत आंघोळीतल्या या चुका टाळा

“ताई, मी रोज तासभर गरम पाण्यात पडून असते, तरी माझी त्वचा एवढी कोरडी कशी?”

‘तरी’ नव्हे गं, ‘म्हणून’.

हे उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की आता पार्लरच्या आरशावरच लिहून ठेवावं म्हणते. सतरा वर्षं लोकांच्या पाठीवरून, पोटऱ्यांवरून हात फिरवतेय. पोटरीला हात लावला की कोण कढत पाण्याचं शौकीन आहे ते बहुतेक वेळा न सांगताच कळतं. निवांत आंघोळीच्या मी अजिबात विरोधात नाही, उलट कट्टर समर्थक आहे. कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बुडालं की अंगाचा भार पाणी उचलतं, गुडघे-कंबर मोकळी होतात, दिवसभर कानाला टेकलेले खांदे खाली येतात आणि रात्री झोपही बरी लागते. पण लोकांना धीर नाही. पाणी आणखी गरम हवं, वेळ आणखी जास्त हवा, टबात आणखी काहीतरी ओतायला हवं. मग साध्या पाण्याने जे मिळणार होतं तेही हातचं जातं.

कढत पाणी: माझ्या हनुवटीवरचे तीन टाके

आपल्या शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश सेल्सियस. टबातलं पाणी त्याहून किंचित वर असलं की पुरतं. मी ३८ ते ३९ अंशांवर थांबते, ४० च्या वर जात नाही. हे हाताने जोखता येत नाही. भांडी घासून, इस्त्री करून हात निबर झालेले असतात आणि पाठ मात्र नाजूक असते. बाळाच्या आंघोळीसाठी मिळतो तो पाण्यात तरंगणारा थर्मामीटर आणा. तो येईपर्यंत कोपर बुडवून बघा. कोपराला ‘अरे, हे तर साधंच आहे’ असं वाटलं पाहिजे. “सोसवेल एवढं गरम” हे माप नव्हे. सोसण्याचीच हौस असेल तर बरेच दुसरे मार्ग आहेत.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशी आणि मधला चुना म्हणजे त्वचेची स्वतःची स्निग्धता. हा चुना शाबूत असला की आतला ओलावा आत राहतो. आता तेलकट भांडं आठवा. गार पाण्याने ते निघत नाही, गरम पाण्याने झटकन निघतं. तुमच्या पाठीचंही तेच होतं. आंघोळीनंतर त्वचा ‘स्वच्छ, घट्ट’ वाटते ना, तो घट्टपणा म्हणजे चुना निघून गेल्याची पावती.

आता टाके. मलाही ही अक्कल पडूनच आली. लागोपाठ दोन दिवस अकरा-अकरा तास उभं राहून काम झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नीट जेवलेही नव्हते. घरी आले, टब भरला, थर्मामीटर कपाटातच राहिला. पाणी इतकं गरम की बसताना तोंडातून ‘स्स’ निघालं आणि मला वाटलं, वा! दाराला आतून कडी. अर्धा-पाऊण तास झाला असेल, बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला आणि मी ताडकन उठून उभी राहिले. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली. धरायला गेले तो पडदा, तो दांडीसकट माझ्या हातात आला. हनुवटी टबाच्या काठावर. फोन वाजून वाजून बंद झाला, तो कुणाचा होता हे मी आजतागायत पाहिलेलं नाही.

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, “पाणी किती गरम होतं?”

“सोसवेल एवढं.”

ते काही बोलले नाहीत. नुसतं बघितलं.

घडतं ते असं. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब खाली येतो. तुम्ही पाण्यात असेपर्यंत बाहेरून पाण्याचा दाब पायांवर असतो, त्यामुळे रक्त छातीकडे ढकललेलं राहतं. (टबात बसलं की लघवीला होतं त्याचं कारणही हेच. छातीत रक्त वाढल्यावर शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय आणि मूत्रपिंडं कामाला लागतात.) तुम्ही झटकन उठलात की बाहेरचा दाब गेला, रक्त पायांत उतरलं आणि मेंदूला क्षणभर कमी पडलं. उपाशीपोटी, तहानलेलं असताना हे आणखी पटकन होतं. दारू पिऊन टबात बसणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना ऐकूही जात नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आत जाण्याआधी एक पेला पाणी प्यायचं. कडी लावायची नाही. बाहेर पडायचं असेल तेव्हा उठण्याआधी टबाचं बूच काढायचं आणि पाणी कमरेखाली जाईपर्यंत बसून राहायचं. मग काठावर टेकायचं, मनात तीस आकडे मोजायचे आणि मग पाय बाहेर. शेजारची बाई याला ‘तुझी पूजा’ म्हणते. म्हणू दे, तिच्या हनुवटीला टाके नाहीत.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबात बसू नका. गरोदरपणात गरम पाण्यात बुडून राहणं नकोच. शरीराचं आतलं तापमान वाढणं बाळासाठी बरं नाही, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीय त्यांना चटका बसतोय हे कळतच नाही. त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्या कुणीतरी तपासावं.

“बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत बसते”

पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, वीस म्हणजे डोक्यावरून पाणी. बोटांच्या सुरकुत्या म्हणजे त्वचेने पाणी पिऊन घेतल्याची खूण, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. बोटांतल्या रक्तवाहिन्या मज्जातंतूंच्या हुकमावरून आकसतात, म्हणून त्या पडतात. बोटाचा मज्जातंतू तुटलेला असेल तर पाण्यात कितीही बसा, त्या बोटाला सुरकुती पडत नाही. हे डॉक्टरांच्या १९३०च्या दशकातच ध्यानात आलं होतं. तेव्हा सुरकुत्या हे सौंदर्याचं माप धरू नका. मी स्वयंपाकघरातला टायमर बाथरूमच्या दाराबाहेर ठेवते. तो बंद करायला उठावंच लागतं.

टबातून थेट पांघरुणात

झोपेसाठी आंघोळ करायची तर ती झोपण्याच्या तासभर ते दोन तास आधी करा. कोमट पाण्याने हातापायांकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान हळूहळू उतरतं. ते उतरणं हाच शरीराला झोपेचा इशारा असतो. लगेच पांघरूण घेतलंत तर उष्णता जाणार कुठे? मग कूस बदलत बसायचं आणि म्हणायचं, “मला नाही बाई काही फरक पडला.”

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. ही एक-दोन तासांची वेळ पाळली तर झोप सरासरी १० मिनिटं लवकर लागते, असं त्यात दिसलं. त्यात पाणी ४० ते ४२.५ अंशांचं होतं, हे वाचून कुणीतरी मला पकडणारच. पकडा. पण तिथे दहा मिनिटांची आंघोळही पुरली होती, आणि ते झोप मोजत होते, पोटऱ्यांवरचा कोंडा नव्हे. तुम्हाला ४१ अंश हवेत आणि तब्येत धडधाकट असेल तर दहा मिनिटांत बाहेर या. गरम पाणी आणि लांबलेला वेळ, दोन्ही एकदम मिळणार नाही.

टबातली खिचडी

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. एक दिवस रात्री साडेनऊला एका मुलीचा फोन आला. माझी जुनी गिऱ्हाईक, एरवी शहाणी.

“ताई, अंगाची आग होतेय. पण थंडीही वाजतेय. मी कुडकुडतेय.”

“काय टाकलंस पाण्यात?”

“काही नाही... पेपरमिंटचं तेल. नैसर्गिक आहे.”

“किती?”

जरा वेळ शांतता. “व्हिडिओत तीन थेंब सांगितले होते. म्हटलं तीन थेंबांनी काय होणार? अर्धी बाटली.”

पेपरमिंटमधलं मेन्थॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. पाणी गरम असलं तरी अंगाला वाटतं बर्फ पडतोय. बाईसाहेबांनी काय केलं, थंडी वाजतेय म्हणून गरम नळ सोडला. त्वचा आणखी लाल, आग आणखी जास्त, कुडकुडणं तसंच. मग अंगावर शॉवर सोडला. पण तेल पाण्याने जातं का कधी? ते अंगभर पसरलं, जिथे पसरायला नको तिथेही.

मी तिला सांगितलं, आधी बाहेर ये. जिथे जिथे झोंबतंय तिथे घरातलं कुठलंही साधं, वास नसलेलं तेल लाव, मऊ फडक्याने टिपून घे, पुन्हा लाव, पुन्हा टिप. मग सौम्य साबण आणि कोमट पाणी. तासाभराने ती बोलण्याच्या अवस्थेत आली, लाली दोन दिवस राहिली. पुरळ उठली असती किंवा डोळ्यांत गेलं असतं तर तेल-फडक्याचा कार्यक्रम न करता सरळ डॉक्टरकडेच पाठवलं असतं.

सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, हे शाळेत शिकलेलं आपण बाथरूमच्या दारात विसरतो. ते तवंग होऊन तरंगतं आणि जो भाग त्यात आधी शिरेल तिथे निर्भेळच लागतं. दालचिनी, लवंग यांची तेलं तर टबात नकोतच. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडू शकते. एखाद-दोन थेंब टाकायचेच असतील तर आधी चमचाभर साध्या तेलात मिसळा. मी तेवढंही करत नाही. मगभर गरम पाण्यात दोन थेंब टाकून तो मग टबापासून लांब, जमिनीवर ठेवते. वास नाकाला हवा असतो, पाठीला नाही.

एप्सम सॉल्टबद्दल रोज विचारणा होते. ते मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यावरून सतराव्या शतकात त्याला हे नाव पडलं. त्वचेतून मॅग्नेशियम आत शिरून थकवा घालवतं, या दाव्याला पुरावा फार तोकडा आहे. पाय दुखले की मीही मूठभर टाकते, खोटं कशाला बोलू. पण आराम पाण्याचा, मीठ आपलं सोबतीला. नुकतेच केस काढलेल्या पायांवर ते झोंबतं, एवढं मात्र नक्की.

खाजऱ्या, कोरड्या त्वचेला खरंच काही टाकायचं असेल तर ओट्सचं अगदी बारीक पीठ टाका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्याला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे. त्याने टब निसरडा होतो. आणि टाके मी वर सांगितलेत.

ती तीन मिनिटं

टबाचा फायदा टबाबाहेर ठरतो. त्वचेने जे थोडं पाणी धरलेलं असतं ते उघड्यावर भराभर उडून जातं. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपा. अंग किंचित दमट असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा. महागडं नको, बिनवासाचं हवं. “आधी जरा मेसेज बघते” म्हणणाऱ्यांची तीन मिनिटं तिथेच संपतात. मी बाटली टबाच्या शेजारी, झाकण उघडून ठेवते, म्हणजे सबब उरत नाही.

बाकी किरकोळ, पण दर आठवड्याला दिसणाऱ्या:

- टबभर फेस करून त्यात बसणं. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाचच्या आसपास, साबणाचा नऊ-दहा. साबण काख, जांघा, पावलं यांना, तोही शेवटी.
- ओला लूफा (अंग घासायची जाळीदार घासणी) वर्षभर बाथरूममध्ये टांगून ठेवणं. ती जंतूंची धर्मशाळा आहे.
- चार्जिंगला लावलेला फोन टबाच्या काठावर. यावर मी एक शब्दही वाया घालवणार नाही.
- गॅसचा गीझर बाथरूमच्या आत आणि खिडकी बंद. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. असा गीझर आधी बाहेर बसवून घ्या, निवांतपणा नंतर.
- “घामातून विषं निघाली.” घामात बहुतांशी पाणी आणि मीठ असतं. विषांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात. काट्यावर कमी दिसलेलं वजन दोन पेले पाण्याने परत येतं.
- चेहरा पटकन लालबुंद होत असताना वाफेत तोंड घालून बसणं. गार पाण्यात पिळलेला रुमाल कपाळावर ठेवा.

आणि टब नाही म्हणून हळहळणाऱ्यांनो, बादली आहे ना? पोटरीपर्यंत पाय बुडतील एवढं कोमट पाणी, पंधरा मिनिटं, पाठीला टेकायला खुर्ची. उष्णता बाहेर टाकायला पावलं फार कामाची असतात, त्यामुळे झोपेसाठी हाही प्रकार चांगला आहे. झाल्यावर पाय कोरडे केल्याशिवाय बादली उचलून ओतायला धावू नका. ओल्या तळव्यांनी गुळगुळीत फरशीवर चालणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि त्या लेखातही पडणारी बाई मीच आहे.