लाकूड वाळवताना फळ्या उलतात, वाकतात, पोखरल्या जातात: या चुका टाळा

ताज्या लाकडात किती पाणी असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. काही जातींत निव्वळ कोरड्या लाकडापेक्षा पाण्याचंच वजन जास्त भरतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी निघून जातं आणि तोवर फळीचं माप जवळजवळ बदलत नाही. ओलावा (पाण्याचं वजन, पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत) साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी सुटू लागतं. लाकूड खरं आकसायला लागतं ते तेव्हा.

गोची अशी की फळीचा वरचा थर या टप्प्यावर लवकर पोचतो आणि आतला गर फार उशिरा. वरचा थर आकसू पाहतो, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर फाटतो. फळी वाळवायची म्हणजे तिच्या आत-बाहेरच्या ओलाव्यातला फरक हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. खालच्या बहुतेक चुका या ना त्या मार्गाने हा फरक वाढवणाऱ्याच आहेत.

ओंडका तसाच पडू देणं

‘आधी ओंडका वाळू दे, मग कापू’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चांगल्या लाकडाची माती करतो. लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या कडेकडेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडून सालीकडे आकसतं. लांबीत तर जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. गोल ओंडक्याला हा फरक पचवायला जागाच नसते, म्हणून तो सालीपासून केंद्रापर्यंत पाचरीसारखा फाटतो. सालीखाली ओल टिकून राहते, तिथे कीड आणि बुरशी लागते ती वेगळीच. ओंडका लवकर चिरून घ्या आणि अगदी मधला, केंद्राचा भाग फळीत येऊ देऊ नका. तो ज्या फळीत राहतो ती हमखास तडकते.

चिरताना जाडीही थोडी वाढवून घ्या. इंचाची तयार फळी हवी तर ओली फळी सव्वा इंचाच्या आसपास ठेवा. आकसण्यात आणि रंध्यात जाणारा भाग त्यातून निघतो.

टोकं उघडी ठेवणं

फळीची टोकं म्हणजे कापलेल्या नळ्यांची उघडी तोंडं. तिथून पाणी बाकीच्या पृष्ठभागापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने जातं, म्हणून टोकं आधी वाळतात आणि उलतात. चीर एकदा सुरू झाली की आत सरकत राहते आणि फळीची कामाची लांबी खाते. यावर उपाय स्वस्त आहे: वितळवलेलं मेण, डांबर किंवा दाट ऑइल पेंटचे दोन हात. फक्त तो कापल्याच्या दिवशीच करायचा. चार दिवसांनी टोकांना केसासारख्या चिरा दिसतात आणि मग लोक त्यावर रंग फासतात. तोवर उशीर झालेला असतो. तसं झालंच तर चिरलेला भाग कापून टाका आणि ताज्या टोकावर लेप द्या.

थप्पी लावण्यातला आळस

फळ्या एकमेकींवर नुसत्या रचल्या की मधे हवा खेळत नाही. डाग पडतात, बुरशी येते. प्रत्येक थरात २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या रिपा, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, हव्यात, त्याही वाळलेल्या आणि सगळ्या एकाच जाडीच्या. ओल्या रिपा किंवा सालीचे तुकडे वापरले तर बरोबर त्या जागी आडवे काळपट पट्टे उमटतात, आणि ते रंध्यानेही पूर्ण जात नाहीत. दोन रिपांमधलं अंतर दीड-दोन फूट ठेवा. पातळ किंवा वाकणाऱ्या जातीच्या फळ्यांना एक फूट. दोन्ही टोकांना रीप हवीच.

खालपासून वरपर्यंत रिपा एका ओळंब्यात आहेत ना, हे मागे सरकून बघा. एक रीप चार बोटं इकडे सरकली की वरचं सगळं वजन अधांतरी फळीवर येतं आणि फळी त्याच बाकात वाळते. तो बाक पुढे निघत नाही. थप्पी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावी. तिच्यावर छप्पर आणि दगड-विटांचं वजन ठेवा, बाजू मोकळ्या सोडा. प्लॅस्टिकने चारही बाजूंनी गुंडाळणं म्हणजे लाकूड वाफवत ठेवणं.

घाई, आणि चुकीच्या जागी सबुरी

जड, घट्ट लाकूड भर उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवलं तर वरचा थर ताणलेल्या अवस्थेत वाळून तसाच कडक होतो. नंतर आतला गर आकसू लागतो तेव्हा हे कवच त्याला रोखतं, आणि फळी आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी फाटते. बाहेरून काहीच दिसत नाही. सुरुवातीला वर पडलेल्या चिराही या टप्प्यावर मिटतात आणि माल सुधारल्यासारखा वाटतो. चीर मिटते, भरत नाही. पॉलिश चढवलं की ती रेघ पुन्हा दिसते. अशा लाकडाला सुरुवातीचे काही आठवडे सावली आणि मंद वारा द्या.

फिकट रंगाच्या, हलक्या लाकडाला मात्र नेमकं उलट हवं. पाइन, आंबा, रबरवुड सुरुवातीला रेंगाळले की निळसर-काळी बुरशी चढते. हिने ताकद फारशी जात नाही, रंग मात्र कायमचा जातो. इथे फळ्या पाडल्या त्याच दिवशी रिपांवर चढवा आणि वारा भरपूर द्या. ऊन तरीही थेट नको.

फळीतून पिठासारखा बारीक भुसा पडत असेल आणि एक-दोन मिलिमीटरची भोकं दिसत असतील, तर बाहेरच्या फिकट लाकडातल्या स्टार्चवर कीड जगते आहे. ती वाळलेल्या लाकडालाही लागते, त्यामुळे नुसतं वाळवून भागत नाही. लाकूड ओलं असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवणं हा जुना, भरवशाचा उपाय. पावसात भिजणाऱ्या कामाला मात्र तो टिकत नाही, धुऊन जातो.

‘वाळलं’ असं ठरवून टाकणं

‘इंचाला एक वर्ष’ हा ठोकताळा मला धोक्याचा वाटतो. हलक्या लाकडाची इंची फळी चांगल्या हवेत काही महिन्यांत वाळते, जड लाकूड वर्षातही वाळेलच असं नाही, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. वजन करा. टोकापासून फूटभर आत जाऊन एक काप घ्या, लगेच तोला आणि १०३ अंश सेल्सियसच्या आसपास, वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा. २५० ग्रॅमचा काप २०० वर थांबला तर ५० ला २०० ने भागायचं: ओलावा २५ टक्के. अजून थांबायला हवं. लाकडात पिना टोचून ओलावा दाखवणारा मीटर वापरत असाल तर तो पिना जातात तेवढंच खोल वाचतो हे ध्यानात ठेवा. फळी मधे कापून ताज्या छेदावर पिना टोचा.

आतला ताण तपासायचा तर आणखी एक काप घ्या, करवतीने त्याचा मधला भाग काढून चिमट्याचा आकार करा. दोन्ही पाय सरळ राहिले तर ठीक. लगेच आत वळले तर कवच कडक झालेलं आहे. ती फळी उभी चिरली की करवत धरून ठेवेल.

किती वाळवायचं हे लाकूड कुठे राहणार त्यावर ठरतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ३० टक्के असेल तर ६ च्या आसपास. उघड्या शेडमध्ये वाळलेली फळी थेट एसीच्या खोलीतल्या कपाटाला लावली की ती पुन्हा आकसते आणि सांधे उघडतात. म्हणून काम सुरू करण्याआधी काही आठवडे फळ्या त्याच खोलीत, रिपांवर ठेवा. जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून नको. तशी ठेवलेली फळी एका बाजूने ओल धरून पन्हळीसारखी वळते. अशी वळलेली फळी रंध्याने सपाट करायची घाई करू नका. रिपांवर ठेवून दोन्ही बाजूंना हवा द्या. ओलावा सारखा झाला की ती बऱ्याचदा आपोआप सरळ होते. आधीच रंधा मारला असेल, तर तीच फळी नंतर उलट्या बाजूला वळते.