जर्मनीत शिकायला येताय? आस्टाचं ऑफिस आधी शोधून ठेवा

पहिल्या सेमिस्टरला फी भरली तेव्हा त्या रकमेत काय काय धरलंय हे मी पाहिलंच नव्हतं. इथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नसते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग हा मोठा अपवाद, तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. पण वर्गणी सगळ्यांनाच भरावी लागते. त्यात बहुतेक ठिकाणी बस-ट्रेनच्या पासाचे पैसे असतात, मेन्सा (विद्यापीठाची खानावळ) आणि वसतिगृहं चालवणाऱ्या स्टुडिरेंडनवेर्कचे असतात, आणि थोडे आस्टाचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कार्यकारिणीचे. म्हणजे आस्टाची मदत तुम्ही आधीच विकत घेतलेली असते. मागायला लाजू नका. मी दीड वर्ष लाजले.

आस्टा म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्या संसदेने नेमलेली कार्यकारिणी. मला वाटायचं, कॉलेजच्या निवडणुकांसारखं झेंडे-घोषणांचं प्रकरण असेल. पोस्टरं असतातच भिंतभर. पण त्याच कॉरिडॉरमध्ये पुढे व्हिसा, घर, पैसे यांबद्दल सल्ला देणारी माणसं बसतात, ठरलेल्या दिवशी वकील येतो, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो. या विभागांना ‘रेफेराट’ म्हणतात. बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांच्या रेफेराटचे प्रतिनिधी परदेशी विद्यार्थीच निवडतात, त्यामुळे समोरचा माणूस स्वतः कधीतरी त्याच रांगेत उभा राहिलेला असतो. बायर्न (बव्हेरिया) राज्यात मात्र आस्टा या रूपात सापडणार नाही. तिथे स्वतंत्र अधिकार असलेली विद्यार्थी संघटना १९७०च्या दशकातच रद्द झाली. विद्यार्थी प्रतिनिधी तिथेही असतात, त्यांना विचारा.

माझी गरज खोलीवरून निघाली. दुसऱ्या वर्षी जागा बदलली आणि नव्या घरमालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट किल्ली देण्याआधी एकरकमी मागितलं. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कमच देणारं खातं) महिन्याला हातात येणार ९९२ युरो, त्यातून चालू भाडं, विमा, जेवण. कुठून आणणार? आपल्या लोकांच्या ग्रुपवर विचारलं तर पाच जणांची सहा उत्तरं. ‘देऊन टाक, खोली जाईल’ हे त्यातलं सर्वात लोकप्रिय.

शेवटी करार घेऊन आस्टात गेले. सल्लागार बाईंनी माझी कहाणी ऐकण्याआधी करार मागितला, पेन्सिल घेतली आणि डिपॉझिटच्या ओळीतल्या एका शब्दाभोवती गोल काढला: ‘वार्म’. हीटिंग आणि इतर खर्च धरून होणारं भाडं ते वार्म, नुसत्या खोलीचं ते काल्ट. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकंच घेता येतं. शिवाय ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. घरमालकाने दोन्हीकडे हात मारला होता. बाईंनी चार ओळींचं सभ्य पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं, फक्त क्रियापदं जागेवर आणली. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘ठीक आहे, हप्त्यांत द्या.’ माफीबिफी काही नाही.

त्यांची मर्यादाही सांगते. आस्टाचा वकील सल्ला देतो, पण कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहील असं धरून चालू नका. वेळ आधी घ्यावी लागते, आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला ती पटकन मिळत नाही. रेसिडेन्स परमिट देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंटही ते लवकर मिळवून देऊ शकत नाहीत. अर्ज वेळेत गेल्याचा पुरावा कसा ठेवायचा ते मात्र नीट समजावतात. नोकरीबद्दलही विचारून घ्या. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलंच साहाय्यकाचं काम यात धरत नाहीत, हे मला तिथेच कळलं. तोवर मी उगाच दिवस मोजत बसले होते.

जाताना पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, करार आणि आलेली सगळी पत्रं न्या, न समजलेली तर नक्कीच. आणि पाकिटं फेकू नका. माझ्या मैत्रिणीला एकदा पिवळ्या पाकिटात सरकारी पत्र आलं. तिने पत्र फाइलला लावलं आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. आस्टातल्या मुलाचा पहिला प्रश्न होता, ‘पाकीट कुठंय?’ पोस्टमन त्या पाकिटावर पत्र दिल्याची तारीख लिहितो, आणि हरकत घेण्याची मुदत त्या तारखेपासून मोजतात. ती धावत घरी गेली. सुदैवाने कागदाचा डबा अजून रिकामा झाला नव्हता.