एक्स-रे पास, तरी नळी गळाली

आयटीआय झालेली पोरं विचारतात, बॉयलरात जायचं तर काय शिकू? टिग वेल्डिंग येतं, आर्गनचं पर्जिंग (नळीत आर्गन भरून हवा बाहेर काढणं) येतं, हे धरूनच सांगतो. मला ज्यानं पाडलं ते एकच: टी-22 ला, म्हणजे थोडं क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेल्या बॉयलरच्या नळीला, स्टेनलेसची नळी जोडताना जोडात वितळवायची वायर कोणती घ्यायची.

मे महिना, ओव्हरहॉल चालू. सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या, कॉइलमध्ये आडवा पडून मी जोड मारत होतो. निकेलची वायर संपली. उस्ताद म्हणाले, "309 मार बे, एक्स-रेत थोडीच दिसते कोनती वायर हाये!" 309 म्हणजे स्टेनलेसची वायर. मारली. निकेलचा रस दाट, ढकलत न्यावा लागतो. 309 चा सरसर पळतो, मला तर बरंच वाटलं. फिल्म स्वच्छ निघाली. चौथ्या वर्षी तोच जोड गळाला. तुकडा कापून पाहिला तर स्टेनलेस शाबूत, वेल्डही शाबूत. चीर टी-22 वर, वेल्डला अगदी लागून, ब्लेडनं ओढल्यासारखी.

गावात लोहार गोवऱ्यांत धाव तापवून बंडीच्या चाकावर चढवायचा, त्यामुळे लोखंड वाढतं हे ठाऊक होतं. पण 540 अंशांना मीटरभर टी-22 साधारण 7 मिलिमीटर वाढते आणि स्टेनलेस 9 च्या वर. 309 स्टेनलेसच्याच चालीनं वाढते, म्हणून युनिट चालू-बंद झालं की दर वेळी ताण टी-22 च्या काठावर. वरून 309 मधला क्रोमियम टी-22 मधला कार्बन खेचत राहतो आणि तेवढी पट्टी मऊ पडते. निकेलची वायर वाढीत टी-22 च्या जवळ, कार्बनही फारसा ओढत नाही. एक्स-रेत दिसतात ती आजची छिद्रं. हे त्यात यायचंच नाही.

वायरच्या टोकावरचा शिक्का वाचा: ईआरएनआयसीआर-3, म्हणजे निकेलची. ते टोक हातात धरा, दुसरीकडून जाळा. शिक्का आधी जळाला की उरलेला तुकडा 309 चा की निकेलचा, डोळ्यांनी कळत नाही. ग्रीस, खडू पुसून घ्या. गंधकानं निकेल तडकतं.

"तीन महिन्यांत एचपी (हाय प्रेशर) वेल्डर" वाले क्लास यातलं काहीच सांगत नाहीत. त्या फीपेक्षा एखाद्या जुन्या वेल्डरचा हेल्पर होणं परवडलं. माझ्या उस्तादांसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही, पण वायरच्या बाबतीत त्यांचंही ऐकायला नको होतं.

निकेलचा रस सुरुवातीला रडवतो. माझे पहिले सात टेस्ट पीस फेल गेले. तुमचेही जातील, हात बसतो. वायर संपली तर मात्र खाली उतरा, चहा घ्या. इंचार्ज ओरडेल, ओरडू द्या.