पुराच्या सूचनेत 'नका' कुठे लिहायचं?

"पुलावरून जाऊ नका" ही सूचना ऐकताना आधी पुलावरून जाण्याचं चित्र उभं राहतं, 'नका' सगळ्यात शेवटी येतं. 1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ फिशलर आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे विद्युतसंकेत मोजले. रॉबिन हा पक्षी. "रॉबिन हे झाड नाही" हे वाक्य खरं, मूळ इंग्रजीत 'नाही' 'झाड'च्या आधीच येतं, तरीही 'झाड' शब्दानंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदू अडखळल्याची खूण दिसली. मानसशास्त्रज्ञ कौप आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या प्रयोगात "दार उघडं नाही" वाचल्यावर 750 मिलिसेकंद उलटल्यावरही बंद दाराचं चित्र ओळखणं सोपं झालेलं नव्हतं, 1500 नंतर झालं.

म्हणून पंचगंगेच्या काठच्या फलकावर करायची कृती आधी लिहा: "पूल बंद. मागे फिरा." त्याखाली पर्यायी रस्त्याचं नाव, बाण मोठा. कारण हवंच असेल तर शेवटी, एका ओळीत.

दुहेरी नकार सरळ कापा. "परवानगी नसल्याशिवाय थांबू नये" असले फलक घाईत उलटेच वाचले जातात (लिहिणाराही गोंधळलेला असतो, ते वेगळं).

नकार नेहमीच महाग पडतो असं मात्र नाही. वाचकाच्या मनात शंका आधीच असेल, तर तो सहज पचतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. पाणी 41 वर असताना सगळे धास्तावलेले असतात. तेव्हा "धोक्याची पातळी अजून गाठलेली नाही" हेच नेमकं वाक्य. फक्त आकडा आणि वेळ सोबत द्या.

लावण्याआधी फलक अनोळखी माणसाला तीन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, "आता काय कराल?" उत्तरात 'जायचं' आलं, तर मजकूर बदला.