टाइल लावण्याआधी: बाथरूमची भिंत आणि जमीन कमी खर्चात कशी तयार करावी

बाथरूमची टाइल सुटते, पोकळ वाजते किंवा खालच्या छताला ओल येते, तेव्हा दोष बहुतेक वेळा टाइलचा नसतो, तिच्या मागच्या भिंतीचा आणि खालच्या जमिनीचा असतो. खर्चही तिथेच वाढतो. टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवण्याचा तयार मसाला, थराच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे दर चौरस मीटरला सव्वा ते दीड किलो लागतो. २० चौरस मीटर भिंत ५ मिमीने आत असेल आणि ती कसर ॲडहेसिव्हने भरून काढली, तर १२५ ते १५० किलो जास्तीचं ॲडहेसिव्ह त्या भिंतीत जाईल. तीच कसर १:४ च्या (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाने भरली तर ५० किलोची एक गोणी सिमेंट पुरून उरते. शिवाय पातळ थरासाठी बनवलेलं ॲडहेसिव्ह जाड भरलं की आकसतं आणि टाइल जागेवरून ओढली जाते. म्हणून भिंत सरळ करण्याचं काम स्वस्त मालाकडून करून घ्यावं आणि महाग माल फक्त चिकटवण्यासाठी वापरावा.

आधी भिंत ठोकून बघा

छिन्नीच्या मागच्या टोकाने किंवा लहान हातोडीने सगळी भिंत साधारण वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जा. भरीव गिलाव्याचा आवाज टणक आणि आखूड येतो, सुटलेल्याचा भद्द आणि रुंद. पोकळ जागा खडूने घेरा. अशा जागा तुटक असतील तर तेवढाच गिलावा काढून पॅच मारता येतो. एक तृतीयांशाच्या पुढे गेल्या तर सगळा गिलावा विटेपर्यंत काढलेला बरा, कारण टाचे (नवा माल धरावा म्हणून छिन्नीने केलेले खळगे) मारताना उरलेलाही हादरून सुटतो. पॅचच्या कडा ग्राइंडरने चौकोनी आणि काटकोनात कापा. उतरत्या, पातळ कडेवर नवा माल टिकत नाही.

पुट्टी, पीओपी, डिस्टेंपर, ऑइलपेंट यांपैकी काहीही टाइलखाली ठेवू नका. ॲडहेसिव्ह पुट्टीला घट्ट चिकटतं, पण पुट्टी भिंतीला तेवढी घट्ट नसते आणि ओल लागली की ती मऊ पडते. मग टाइल मागच्या पुट्टीसकट उतरते. खरवडून झाल्यावर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब पाच मिनिटांत मुरला तर भिंत तयार आहे. गोळा होऊन घरंगळला तर अजून रंग, तेल किंवा साबणाचा थर शिल्लक आहे. काँक्रीटच्या खांबावर आणि तुळईवर शटरिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) तेल असतं, तिथे ही चाचणी जरूर करा.

पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो. आणि खार दिसतो याचा अर्थ पाणी कुठून तरी येतंय. ती गळती शोधल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका. शंका असेल तर ६० सेंमी लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतूनच येते आहे.

भिंत साध्या जिप्सम बोर्डची असेल तर ओल्या भागात ते बोर्ड काढून सिमेंट बोर्ड बसवावेत. जिप्समवर वॉटरप्रूफिंग मारून भागवणं हे काही वर्षांपुरतं काम असतं.

नळाची लाइन गिलाव्याआधी

भिंतीत पाइपसाठी झिरी (लांब खाच) मारून, पाइप बसवून, सगळी तोंडं प्लगने बंद करून पंपाने दाब द्या आणि काटा किमान काही तास स्थिर राहतो का ते बघा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. गिलाव्याच्या आत गेलेला गळका सांधा नंतर टाइल फोडूनच सापडतो. नळाच्या एल्बोचं (पाइपच्या वळणाच्या जोडाचं) तोंड तयार टाइलच्या पृष्ठभागाशी सपाट आलं पाहिजे, म्हणून गिलावा, ॲडहेसिव्ह आणि टाइल यांची बेरीज करून ते पुढे ठेवा. झिऱ्या १:३ मालाने दाबून भरा आणि वर जाळी लावा. जाळी झिरीच्या दोन्ही बाजूंना १० सेंमी पुढे गेली पाहिजे. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथेही दोन्ही बाजूंना १५ सेंमी जाळी हवीच. दोन्हींचं आकुंचन-प्रसरण सारखं नसतं, आणि तिथली भेग नंतर टाइलवर सरळ रेषेत उमटते.

टाचे, गिलावा, ओळंबा

जुना भरीव गिलावा ठेवणार असाल किंवा काँक्रीटवर काम असेल, तर ३ ते ४ सेंमी अंतरावर, ३ ते ५ मिमी खोल टाचे मारा. तुरळक खुणा करून समाधान मानू नये. नंतर तारेच्या ब्रशने धूळ काढा आणि भिंत धुवा. टाचे मारलेली पण धुळीने भरलेली भिंत गुळगुळीत भिंतीइतकीच निरुपयोगी असते.

ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) आणि २ मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन भिंत तपासा. पट्टीखाली ३ मिमीपर्यंत फट असेल तर टाइल लावायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर गिलावा. पट्टी उभी, आडवी आणि कर्णात, तिन्ही प्रकारे धरा. मधली फुगवटी कर्णातच सापडते. कोपरे गुण्याने (काटकोन मापायच्या पट्टीने) बघा. कोपरा काटकोनात नसेल तर जमिनीच्या टाइलची शेवटची ओळ तिरकी कापावी लागते, आणि ते दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतं.

गिलावा १:४, जाडी १२ ते १५ मिमी. १२ मिमीसाठी चौरस मीटरला ५ ते ६ किलो सिमेंट आणि सुमारे १५ लिटर वाळू धरा. भिंत जास्त आत असेल तर एकाच थरात २० मिमीच्या पुढे जाऊ नका. जड थर खाली घसरतो आणि आतून सुटतो. पहिला थर खरबडून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसरा. भिंत आधी भिजवा, सिमेंट-पाण्याचा घट्ट रबडा ब्रशने मारा आणि तो ओला असतानाच माल चढवा. रबडा सुकला तर तो जोडण्याऐवजी वेगळा करणारा थर होतो. वरून घोटाई नको. लाकडी थापीने खरबरीत सोडा, कारण घोटलेल्या गुळगुळीत सिमेंटवर ॲडहेसिव्हची पकड कमी होते. पाणी घातलेला माल तासाभरात संपवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतून वापरू नका.

वाळूची परीक्षा फुकट होते. काचेच्या सरळ बाटलीत १० सेंमी वाळू घाला, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूच्या वर मातीचा बारीक थर बसतो. तो ८ मिमीपेक्षा जाड असेल तर वाळू धुऊन घ्या किंवा बदला. मातीची वाळू सिमेंट जास्त खाते आणि तरी गिलावा भुसभुशीत राहतो.

सात दिवस पाणी मारा. हे काम घरच्यांनी करता येतं आणि तिथे मजुरीही वाचते. पण तो एक दिवसही चुकवण्यासारखा नाही, पहिले तीन दिवस तर मुळीच नाही. त्यानंतर गिलावा आणखी आठवडा-दोन आठवडे सुकू द्या. ताज्या गिलाव्याचं आकसणं बरंचसं याच काळात होतं, आणि ते टाइल लागण्याआधी होऊन गेलेलं चांगलं.

जुनी टाइल काढायची की वरच लावायची

तोडफोड आणि मलबा वाचवण्याचा हा मोह रास्त आहे, पण अटी कडक आहेत. जुनी टाइल सगळीकडे भरीव वाजली पाहिजे, गळती अजिबात नसली पाहिजे, आणि दोन्ही थरांचं वजन भिंतीला झेपलं पाहिजे. नवी टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून चौरस मीटरला २० ते २५ किलो भर पडते. सुट्या टाइल काढून तिथे माल भरा, बाकीच्यांची चकाकी ग्राइंडरने खरवडून काढा, साबणाचा थर धुऊन टाका आणि टाइलवर टाइल लावण्यासाठी बनवलेलंच ॲडहेसिव्ह घ्या. जमिनीवर हे करताना उंची १२ ते १५ मिमीने वाढते. दार अडकेल का आणि उंबऱ्याबाहेर पाणी जाईल का, ते आधी मोजा. उतार चुकीचा असेल तर मात्र फोडल्याशिवाय इलाज नाही.

जमीन आणि उतार

नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या सांडपाण्याच्या निचऱ्याचं) तोंड आधी चिंधी भरून प्लास्टिकने बांधून टाका. तोडकामाचा माल पाइपात गेला तर तो तिथेच घट्ट बसतो.

पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही भिंतींवर एकाच पातळीत रेघ आखा. तिथून खाली मोजून उतार ठरवा, कारण नजरेने काढलेला उतार हमखास कुठे तरी डबकं सोडतो. उतार १:८० ते १:६० ठेवा, शॉवरखाली १:५०. समजा, दूरचा कोपरा ट्रॅपपासून १.८ मीटरवर आहे. १:८० ने तिथे सुमारे २२ मिमी चढ हवा. ट्रॅपजवळ कोब्याची (उतारासाठी घातलेल्या सिमेंट-वाळूच्या थराची) किमान जाडी २५ मिमी धरली, तर कोपऱ्यात ती ४७ मिमी होते. ट्रॅपची जाळी तयार टाइलच्या किंचित खाली बसेल अशी उंची आत्ताच ठरवा. आणि बाथरूमची तयार जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा १५ ते २० मिमी खाली हवी.

कोब्याचा माल १:४, अर्धओला. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, पण हाताला पाणी सुटू नये. पाणी सुटलं तर माल ढिला आहे. सुकताना आकसेल, चिरेल. ३ चौरस मीटरच्या जमिनीला सरासरी ४० मिमी जाडीसाठी एक गोणी सिमेंट आणि सुमारे १४० लिटर वाळू लागते. स्लॅब झाडून, धुऊन, सिमेंटचा रबडा मारून लगेच माल पसरा, ठोकून दाबा आणि भिंतीवरच्या खुणांवरून पट्टी ओढा. इथेही सात दिवस पाणी.

वॉटरप्रूफिंग

बजेट कमी पडलं की सगळ्यात आधी कात्री इथे लागते. ती लावू नका. टाइल आणि ग्राऊट (टाइलमधल्या फटीत भरायचा माल) पाणी अडवत नाहीत, फक्त कमी करतात. अडवतो तो खालचा थर. टाइल छतापर्यंत न नेता २.१ मीटरवर थांबवा, स्वस्त टाइल घ्या, पण हा थर पुरा करा. तो उताराच्या कोब्यावर असावा. तो फक्त कोब्याखाली असला तर कोबा कायम पाणी धरून बसतो आणि कुबट वास येत राहतो.

जमीन आणि भिंतीच्या सांध्यात आधी सिमेंटचा वाटा मारा, साधारण २५ मिमीची गोलाई. थेट काटकोनात लावलेला थर तिथेच फाटतो. दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग कंपनीने दिलेल्या प्रमाणातच कालवा. पातळ व्हावं म्हणून पाणी घालू नका. पृष्ठभाग ओलसर चालतो, साचलेलं पाणी चालत नाही. पहिला कोट एका दिशेने, त्यात कोपरे, ट्रॅप आणि पाइपभोवती फायबरची जाळी बुडवा. चार ते सहा तासांनी दुसरा कोट आडव्या दिशेने. प्रत्येक कोटला चौरस मीटरमागे पाऊण ते एक किलो धरा. जमिनीलगत भिंतीवर ३० सेंमी आणि शॉवरच्या भिंतीवर १.८ मीटरपर्यंत न्या. ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत वळवा. बहुतेक गळत्या पाइप आणि ट्रॅपच्या कडेने होतात, सपाट भागातून क्वचितच.

पाणी कोंडून बघा

तीन दिवस सुकल्यावर ट्रॅप बंद करा, दारात विटांचा छोटा बांध घाला आणि २५ ते ५० मिमी पाणी भरा. पातळीची खूण करा. शेजारी उघड्या टबात पाणी भरून त्यावरही खूण करा. २४ ते ४८ तासांनी दोन्हीकडे सारखीच घट झाली असेल तर ती वाफ आहे. जमिनीवरचं पाणी जास्त उतरलं असेल तर गळती आहे. खालचं छत आणि शेजारच्या खोलीची भिंत, दोन्ही हाताने चाचपून बघा.

चाचणी पास झाल्यावर टाइल लागेपर्यंत थरावर खिळ्यांचे बूट, शिडीचे पाय, टाइलचे खोके नकोत, पुठ्ठे अंथरा. कुठे ओरखडा पडलाच, तर तेवढा भाग साफ करून चारही बाजूंना १० सेंमी पुढे जाईल असा जाळीसह नवा कोट द्या, आणि त्या जागी पुन्हा पाणी कोंडून बघा.