जुनी स्कूटर गँग परत जमवायची कशी

भावा, साठीतली गँग नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जमत नसते, गाड्या बाहेर काढाव्या लागतात. लंडनचा एस कॅफे बघ, रॉकर म्हणजे मोटारसायकलवाल्या पोरांचा अड्डा, १९६९ ला बंद पडला, १९९४ ला जुन्या मंडळींचं रियुनियन झालं आणि २००१ ला परत चालू, नाद खुळा! त्यांच्या विरोधातल्या स्कूटरवाल्या मॉड पोरांची लँब्रेटा म्हणजे आपल्या विजय सुपरची थोरली बहीणच की.

तर पडवीतली विजय सुपर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेकॅनिककडे ने, टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाक, कार्बोरेटर साफ, प्लग नवा, आणि पेट्रोलमध्ये टूटी (2T) ऑइल मिसळायचं विसरलास तर पिस्टन जाम होणार बघ. मग रविवारी सकाळी रंकाळ्यावर, आधी किक मग मिसळ. भाषणं नकोत. ज्यानं गाडी विकली त्याला पहिला फोन कर, तोच लाजून येत नाही.